गंजलेल्या सांगाड्यावरून जुनी गाडी कोणती आणि कुठल्या सालची हे कसं ओळखायचं?

झाडीत सांगाडा सापडलाय, इंजिन नाही, नंबरप्लेट नाही. चासी, एक दार, दोन चाकं आणि पुढच्या दिव्याची वाटी एवढंच उरलंय, असं तुम्ही लिहिलंय. चासी नंबर शोधून नेटवर टाका म्हणणारे भेटतीलच. पण १७ अक्षरी नंबराचा नियम १९८१ पासूनचा. त्याआधी ज्या त्या कंपनीची तऱ्हा निराळी.

इंजिन नाही याची चुटपुट लावून घेऊ नका. इंजिनावरून गाडी ओळखणाऱ्यांवर माझा काडीचा विश्वास नाही, आणि त्याला कारण आमचे दाजी.

दाजींनी भंगारातून दुसऱ्या महायुद्धातली एक जीप उचलली. ही जीप तेव्हा विलिस आणि फोर्ड अशा दोन अमेरिकन कंपन्या बनवायच्या. इंजिनावर विलिसच्या ‘एमबी’ मॉडेलचा नंबर, म्हणून गाडी विलिस. येणाऱ्याजाणाऱ्याला तेच ऐकवायचे. मी एकदा तारेचा ब्रश घेऊन खाली शिरलो. पुढच्या बंपरमागे चासीच्या दोन दांड्यांना जोडणारी आडवी पट्टी असते. विलिसला तिथे गोल पाइप असतो. इथे होती उलट्या ‘यू’सारखी घडवलेली पत्र्याची पन्हळ. ही फोर्डची खूण. मग बोल्टच्या डोक्यांवरचं ग्रीस खरवडलं, तर बारीकसा ‘एफ’. फोर्डने बोल्टांनाही सोडलं नव्हतं!

विलिसचा नंबर डाव्या दांडीच्या आतल्या अंगाला, बंपरच्या मागे रिव्हेट मारलेल्या पाटीवर असतो. पाटी उडाली की नंबर गेला. फोर्डने मात्र तो त्याच दांडीच्या वरच्या अंगावर, इंजिनाच्या माउंटिंगजवळ ठोकलाय. रॉकेलच्या बोळ्याने पुसत गेलो तशी ‘जीपीडब्ल्यू’ ही अक्षरं वर आली. फोर्डच्या जीपचं नावच ते, आणि त्यातला डब्ल्यू विलिसच्या डिझाइनचा.

‘‘दाजी, गाडी फोर्ड आहे.’’

‘‘अरे, एकाच नकाशावरच्या दोन्ही. तुला बँकेत बसून काय कळणार?’’

नकाशा एकच, हे खरं. यातलं त्यात बसावं ही लष्कराचीच अट होती. म्हणूनच तर इंजिन हा पुरावा नाही! मग त्यांनी ग्रिल पुढे केलं. तेही फुसकं, कारण पत्र्यातून ठोकून काढलेलं नऊ फटींचं ग्रिल मुळात फोर्डचं. विलिसने पट्ट्या जोडायचं सोडून ते नंतर उचललं. दाजी गप्प झाले आणि पुढच्याच आठवड्यात पत्रेवाल्याकडून मागच्या पत्र्यावर ‘विलिस’ असं ठसठशीत उठवून आणलं.

तर तुमची गाडी. आधी व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या अॅक्सलमधलं अंतर, मोजा. अॅक्सल नसले तरी स्प्रिंगचे पाटे असतील. पाट्यांना मधोमध बांधणाऱ्या बोल्टपासून बोल्टपर्यंत टेप धरा. युद्धातल्या जीपचा ८० इंच भरतो. चाकं बदलतात, दिवे बदलतात. हा आकडा सहसा बदलत नाही. बोल्टचे आटे पाहा. जुन्या ब्रिटिश व्हिटवर्थ आट्याचा कोन ५५ अंश, अमेरिकन आणि मेट्रिकचा ६०. नेहमीचा पान्हा धड बसेना तर ब्रिटिश असण्याचा संशय घ्या. दिव्याची वाटी सात इंची सीलबंद दिव्याची आणि गाडी अमेरिकन असेल, तर ती १९४० च्या मॉडेलच्या मागे सहसा जात नाही. दाराला काच उरली असेल तर कोपऱ्यातला शिक्का वाचा. एवढ्यावर देश आणि दशक हाती लागतं. नेमकं साल मात्र ठोकलेल्या नंबराशिवाय सांगणारा थापा मारतो.

दोन गोष्टी राहिल्या. नंबरावर ग्राइंडर चालवू नका, ठसा कायमचा जाईल. आणि चासीसुद्धा कापून जोडलेली असू शकते, तेव्हा वेल्डिंगचे सांधे आधी तपासा. १९४४ नंतर तर दोन्ही जीपना एकाच कारखान्याची बॉडी आली, त्यामुळे पत्र्यावरून पैजा लावू नयेत. मागच्या पत्र्यावरच्या नावावरून तर मुळीच नाही. तिथे नाव उठवायचं दोन्ही कंपन्यांनी १९४२ मध्येच बंद केलं होतं. दाजी, तुमच्या गाडीचं साल काढून बघा एकदा.