सुपरचार्जरचं कोटेशन आलं, इंजिनाचं कुठे आहे?

प्रश्न : पुण्यात नोकरी करतो, वय २९. हातात पगार ६२,००० रुपये, घरभाड्यासकट खर्च ४०,०००. वडिलांची २००२ ची होंडा सिटी व्हीटेक माझ्याकडे आहे, १ लाख ४० हजार किलोमीटर चाललेली. तिला सुपरचार्जर, म्हणजे इंजिनात जादा हवा दाबून ताकद वाढवणारा पंप, बसवायचाय. गॅरेजवाल्यांनी साडेतीन लाख सांगितलेत. एफडीत तीन लाख आहेत. त्यातले एक लाख काढून बाकीच्या अडीच लाखांचं पर्सनल लोन १४ टक्क्यांनी, तीन वर्षांसाठी घेऊ का?

उत्तर : कर्ज घेऊ नका. पण गाडीचा नाद सोडा असंही मी सांगणार नाही. ते १०६ अश्वशक्तीचं इंजिन वरच्या आरपीएमला, म्हणजे जोरात फिरताना, कसं खुलतं, हे मी अनुभवलंय. वडिलांची गाडी इतकी वर्षं जपणाऱ्या माणसाचं मला कौतुकच आहे.

तुम्ही पाठवलेलं कोटेशन दोनदा वाचलं. सुपरचार्जर, ब्रॅकेट, पुली, पट्टा, पाइपिंग, मजुरी. इंजिनाच्या तयारीचा त्यात एक रुपयाही नाही, आणि खरा खर्च तिथेच आहे. बाहेरच्या हवेचा दाब समुद्रसपाटीला १४.७ पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) असतो. गॅरेजवाले म्हणतात तसं सहा पीएसआय बूस्ट, म्हणजे वरचा जादा दाब, दिलं, तर सिलिंडरमध्ये ढोबळमानाने ४० टक्के जादा हवा कोंबली जाईल. त्या प्रमाणात पेट्रोल वाढलं नाही तर नॉकिंग, म्हणजे पेट्रोलचा अवेळी भडका, सुरू होतं आणि पिस्टनच्या रिंगांमधल्या कडा फुटतात. म्हणजे पेट्रोल फवारणारे मोठे इंजेक्टर आले, पेट्रोलचा पंप आला, ईसीयूचं, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरचं, ट्यूनिंग आलं. दाबलेली हवा तापते, म्हणून ती गार करणारा इंटरकूलर हवा. जुनी क्लचप्लेट वाढलेल्या ताकदीला घसरणार. हे सगळं त्या साडेतीन लाखांच्या बाहेर आहे, आणि हे मुळात इंजिन धडधाकट असेल तर.

ते धडधाकट आहे का, हे काही हजारांत कळतं. कोल्हापूरच्या उद्यमनगरात वडिलांबरोबर लहानपणी बसायचो, तिथे लीक-डाउन टेस्ट, म्हणजे सिलिंडरमधून हवा कुठून गळते ते शोधायची चाचणी, पाहिलीय. प्लग काढायचा, पिस्टन वर आणायचा, सिलिंडरमध्ये कॉम्प्रेसरची हवा सोडायची आणि कान लावायचा. ऑइलच्या झाकणातून फुसफुस आली तर रिंगा गेल्या. सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह. रेडिएटरच्या पाण्यात बुडबुडे दिसले तर हेड गॅस्केट. वडील त्या आवाजावरूनच गिऱ्हाइकाला बिलाचा अंदाज द्यायचे. तुमच्या इंजिनाला ही टेस्ट अजून झालेलीच नाही, आणि रिंगा गेलेल्या असल्या तर सुपरचार्जरआधी इंजिन खाली उतरवावं लागेल. बोअरिंग-होनिंग (सिलिंडर आतून कापून घासणं), नव्या रिंगा, गॅस्केट, बेअरिंग.

आता तुमचा हिशेब. अडीच लाखांचा हप्ता साधारण ८,५४४ रुपये बसतो. तीन वर्षांत ३ लाख ७ हजारांच्या वर भराल, त्यात ५७ हजारांहून अधिक नुसतं व्याज. सहा महिन्यांचा खर्च म्हणून २ लाख ४० हजार हात न लावता ठेवायला हवेत. तुमच्या बेतात एफडी दोन लाखांवर येते. मग बूस्ट लागल्यावर दुसऱ्याच महिन्यात पिस्टन फुटला, तर तो पैसा कुठून आणणार? क्रेडिट कार्डावरून. मला सगळ्यात जास्त भीती त्याची वाटते.

कायद्याचंही बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे, कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी नोंदणी जुळणार नाही असे बदल करता येत नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते उचलून धरलं. परवानगीशिवाय केलेल्या प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. तुमची आरसी (गाडीची नोंदणी) १५ वर्षांनी एकदा वाढली, आता पाच-पाच वर्षांनी वाढते, आणि दर वेळी गाडी तपासणीला न्यावी लागते. विमा कंपनीला न कळवता बदल केलात, तर अपघातानंतर दावा नाकारायला त्यांना आयतं कारण मिळेल. म्हणून आरटीओ आणि विमा कंपनी दोघांकडून लेखी उत्तर घ्या. ते नकारार्थी आलं तर सुपरचार्जरचा विषय रस्त्यावरच्या गाडीपुरता तरी संपला.

एफडीतले २ लाख ४० हजार बाजूला ठेवले तर ६० हजार मोकळे राहतात. त्यातून आधी कॉम्प्रेशन टेस्ट (प्रत्येक सिलिंडर किती दाब तयार करतो ते मोजणं) आणि लीक-डाउन टेस्ट करा. मग रेडिएटर, होस, थर्मोस्टॅट, क्लच, जे थकलंय ते बदला. सुपरचार्जर कधीच बसला नाही तरी यातला एकही रुपया वाया जात नाही. जो हप्ता बँकेला देणार होतात, तेवढीच रिकरिंग ठेव (दरमहा ठरलेली रक्कम) स्वतःच्या नावाने सुरू करा. तीन वर्षांनी तीन लाखांच्या वर रक्कम तुमच्याच खात्यात असेल, व्याज वेगळं.

टेस्ट गाडी गरम असताना करायला सांगा आणि गॅरेजवाल्यांकडून चारही सिलिंडरचे आकडे कागदावर लिहून घ्या. ते मला पाठवा. एखादा सिलिंडर बाकीच्यांपेक्षा फार मागे असेल, तर ६० हजारांची वाटणी आपल्याला पुन्हा करावी लागेल.