‘किती मारले?’ एवढं सोडून काहीही विचारा

(या वेळी वाचकांच्या पत्रांना उत्तरं देत आहेत सातारा जिल्ह्यातले एक निवृत्त हवालदार. 1974 ते 1998 या काळात ते आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये ड्रायव्हर होते, त्यातली बरीच वर्षं श्रीनगर–लेह रस्त्यावर.)

प्रश्न : माझे वडील 75 वर्षांचे आहेत. ते तोफखान्यात होते. 1971 च्या युद्धात ते पूर्वेकडे, आताच्या बांगलादेशात गेले होते, यापलीकडे आम्हाला काही माहीत नाही. माझी मुलं ‘आजोबा, युद्धाचं सांगा ना’ म्हणून मागं लागली की ते ‘काय सांगायचं त्यात’ म्हणतात आणि उठून गोठ्याकडे जातात. पण त्यांच्या जुन्या युनिटमधल्या मित्राचा पंजाबहून महिन्यातून एकदा फोन येतो, तेव्हा तासभर हिंदीत बोलत खो खो हसत असतात. आम्ही दारात गेलो की आवाज खाली. आम्हालाच का सांगत नाहीत? त्यांना बोलतं कसं करावं?
— एक लेक, बार्शी

उत्तर : ताई, तुमचं पत्र वाचताना मला माझंच घर दिसत होतं. 1998 साली काळी ट्रंक घेऊन मी गावात उतरलो, त्यानंतर चांगली दहाएक वर्षं फौजेबद्दल घरात चार वाक्यंसुद्धा बोललो नसेन. मनात काही सल होता असं नाही. पहिल्याच संध्याकाळी पारावर एकानं विचारलं, “काय हवालदार, किती मारले?” मी म्हटलं, “एकही नाही. गाडी चालवायचो मी.” “हात्तिच्या!” म्हणून तो तंबाखू मळायला लागला. झालं, तिथंच माझं तोंड मिटलं.

पुढच्याच वर्षी कारगिलची लढाई लागली. टीव्हीवर दिवसरात्र द्रास, काकसर, बटालिक. गोळे पडत होते त्या रस्त्याचं वळण न् वळण मला पाठ. पण पारावर नकाशा पसरून सगळं समजावत होते आमच्या शाळेचे मास्तर, आणि मी मागं बसून ऐकत होतो. मास्तरांनी झोजिला खिंड द्रासच्या पलीकडं नेऊन ठेवली (ती अलीकडं, श्रीनगरच्या बाजूला) तेव्हा तेवढा एकदा मी खाकरलो.

माणूस बोलत नाही म्हटलं की घरच्यांना वाटतं, आत काहीतरी भयंकर कोंडलंय. असेलही. लढाईत तोफेवर उभ्या राहिलेल्या माणसानं काय पाहिलं ते त्याचं त्याला ठाऊक, आणि ते त्यानं घरात सांगितलंच पाहिजे असा काही कायदा नाही. पण बऱ्याचदा चूक प्रश्नातच असते. ‘युद्धाचं सांगा’ हे ‘संसाराचं सांगा’ म्हटल्यासारखं आहे. धरायचं कुठून?

माझी जीभ सुटली ती नातवामुळं. सहा वर्षांचा होता. त्याला शत्रूशी काही देणंघेणं नव्हतं. मी ट्रकमध्ये झोपायचो हे आजीकडून कळलं होतं, म्हणून त्यानं विचारलं, “आजोबा, झोपताना पाय कुठं ठेवायचात?”

आता हे सांगायचं तर आधी रस्ता सांगावा लागतो. त्या काळात झोजिला नोव्हेंबरच्या सुमारास बर्फानं बंद व्हायची ती मे उजाडेपर्यंत. म्हणजे लडाखमधल्या फौजेला सहा-सात महिने पुरेल एवढा आटा, तांदूळ, डाळ, साखर, रॉकेल सगळं उन्हाळ्यातच वर पोचवायचं. हे आमचं काम. पहाटे कानवाई, म्हणजे गाड्यांचा ताफा, लागायची. रस्ता एकेरी. सोनमर्गकडून गाड्या चढायला लागल्या की द्रासकडच्या गाड्या पलीकडं थांबून राहायच्या. बालतालवरून चढ सुरू, माथा 11,575 फुटांवर. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला खाली सिंध नाला, आणि हातात शक्तिमान ट्रकचं स्टिअरिंग. पहिल्या वर्षी माझे खांदे रात्री वर उचलायचे नाहीत.

1983 चा ऑक्टोबर संपत आला होता. माथा ओलांडून गुमरीला पोचता पोचता पुढं बर्फाची घसरण आली आणि सगळी कानवाई जागच्या जागी थांबली. अंधार पडला. आता बीकनवाल्यांचा, म्हणजे रस्ता सांभाळणाऱ्या सीमा सडक संघटनेचा, डोझर येणार तो सकाळीच. माझ्या गाडीत रॉकेलचे जेरीकॅन भरलेले, त्यामुळं स्टोव्ह पेटवायची सोय नाही. पाण्याची बाटली दगड झालेली. खायला शक्करपारे, ते तर आधीच दगड. डिझेल गोठू नये म्हणून दर तासाला इंजिन चालू करायचं, जरा ऊब आली की बंद करायचं, कारण डिझेलही पुरवायचं होतं.

माझा को-ड्रायव्हर बिहारचा. त्यानं बूट काढले, मोजे काढले आणि म्हणाला, “पैर इधर दो.” मी बघतच राहिलो. त्यानं माझे पाय ओढून आपल्या कोटाच्या आत काखेत घातले आणि स्वतःचे माझ्या काखेत. मधे गिअरचा दांडा. असे आम्ही दोघं रात्रभर, दोन चिमटे एकमेकांत अडकावेत तसे. मध्येच टॉर्च लावून त्यानं माझं घरचं पत्र वाचून दाखवायला लावलं. बायकोनं लिहिलं होतं, म्हैस व्याली, रेडी झाली, खरवस शेजारीपाजारी वाटला. मी त्याला हिंदीत सांगितलं. तो म्हणाला, “हमारे हिस्से का?” त्यावर आम्ही जे हसायला लागलो ते पुढच्या गाडीवाल्यानं येऊन दार वाजवलं, याला काही चढलं तर नाही ना बघायला. त्या उंचीवर माणूस उगाच हसायला लागला की काळजीच करतात.

नातवाला मी सांगितलं, “पाय दुसऱ्याच्या काखेत ठेवायचे.” तो लोळलाच. आणि त्या रात्री माझ्या बायकोला पंचवीस वर्षांनी कळलं की तिच्या म्हशीची बातमी झोजिलावर वाचली गेली होती.

तर ताई, वडिलांना लहान गोष्टी विचारा. भरती कुठं झाली, छाती किती भरली, उस्तादानं पहिली शिक्षा कशाबद्दल दिली, लंगरात काय नकोसं व्हायचं. रेजिमेंटल नंबर विचारा. तो कुणीच विसरत नाही, झोपेतून उठवून विचारला तरी सांगतील. नंबर तोंडातून आला की पाठोपाठ बाकीचं यायला लागतं. नकाशा आणा, पण तुम्ही बोट ठेवू नका, त्यांना ठेवू द्या.

आणि हिंदीला अडवू नका. त्यांची ती वर्षं हिंदीत गेली आहेत. ‘गिनती’, ‘नफरी’, ‘बडाखाना’ यांना आपल्याकडं शब्द नाहीत, आणि मराठीत आणता आणता गोष्ट तिथंच मरते. मित्राचा फोन आला की दारात उभं राहून ऐकू नका, चहा घेऊन सरळ आत जा आणि मित्राला ‘चाचाजी, नमस्ते’ म्हणा. तो तुमच्या वडिलांची सगळी गुपितं दहा मिनिटांत सांगेल. फौजेत एकमेकांची लाज राखतात, पण मुलाबाळांसमोर काढतातही.

बोलता बोलता थांबले तर थांबू द्या. गोठ्याकडे गेले तर तुम्हीही मागं जा, वैरण टाकू लागा, काही विचारू नका. मात्र झोपेत ओरडत असतील, रात्र रात्र जागे बसत असतील, तर प्रकरण वेगळं. मग गप्पांचा उपाय करत बसू नका. ईसीएचएसच्या, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या, पॉलिक्लिनिकमध्ये न्या आणि डॉक्टरांना स्पष्ट सांगा.

प्रश्न : आजोबा वारले. ट्रंकेत एका डब्यात पाच-सहा मेडलं सापडली. घरात कुणालाच त्यातलं काही कळत नाही. ते कुठं होते हे यावरून समजेल का? मेडलं काळी पडली आहेत, पॉलिश करावीत का?
— एक नातू, चिपळूण

उत्तर : आधी त्या ब्रासोच्या डबीला झाकण लाव! मेडलाच्या कडेवर नंबर, हुद्दा आणि नाव कोरलेलं असतं. घासून घासून नेमकं तेच झिजतं. उजेडात तिरकं धरून भिंगानं वाच.

‘पूर्वी स्टार’ असेल तर आजोबा 1971 ला पूर्वेच्या आघाडीवर होते, ‘पश्चिमी स्टार’ असेल तर पश्चिमेच्या. ‘समर सेवा स्टार’ म्हणजे 1965 ला लढाईच्या भागात. 1965 चं ‘रक्षा मेडल’ आणि 1971 चं ‘संग्राम मेडल’ पुष्कळांना मिळालं, त्यावरून जागा कळत नाही. ‘सैन्य सेवा मेडल’ असेल तर रिबनवरची धातूची पट्टी बघ, तिच्यावर भागाचं नाव असतं. नऊ आणि वीस वर्षं सेवेची वेगळी मेडलं असतात, ती नुसती कॅलेंडरची. मीही अभिमानानं लावतो.

खरा खजिना मात्र डिस्चार्ज बुक, म्हणजे सेवेच्या नोंदींचं पुस्तक. ट्रंकेच्या तळाशी, वर्तमानपत्राच्या खाली बघ, आमची पिढी तिथंच ठेवते. नाहीच मिळालं तर नंबर घेऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, ते रेकॉर्ड ऑफिसला कसं लिहायचं ते सांगतील.

प्रश्न : आमच्या गावी दरवर्षी माजी सैनिकांचा मेळावा होतो. एकच काका तीच गोष्ट दरवर्षी सांगतात आणि दरवर्षी ती मोठी होते. खरं किती मानायचं?
— एक वाचक, मिरज

उत्तर : गोष्टीतला गाव, महिना आणि सोबतचा माणूस बदलत नसेल तर गोष्ट खरी. आकडे सोडून द्या. गुमरीची ती रात्र मी पहिल्यांदा सांगितली तेव्हा उणे 15 होती. गेल्या मेळाव्यात ती उणे 30 वर गेली. गाडीत थर्मामीटर नव्हताच. माझा तो बिहारी को-ड्रायव्हर अजून 8 डिसेंबरला, आमच्या कोअरच्या दिवशी, न चुकता फोन करतो. नमस्कार-चमत्कार नाहीच, पहिला प्रश्न हाच असतो : “हवलदार साब, इस साल कितने पर पहुँची?”