त्याच दिवशी बाजूला काढ

पोरी,

तुझा मेसेज परत परत वाचला. ऑफिसला पीएमपीच्या बसने जातेस, डबा नेतेस, रात्री पंखासुद्धा बंद ठेवतेस, मैत्रिणी चिकट म्हणतात, आणि तरी पंचवीस तारखेला खात्यात खडखडाट. ‘काकू, मग हे सगळं करून उपयोग काय?’ असं विचारलंस.

मला एक सांग. मंगळवारी रिक्षाऐवजी बसने गेलीस, साठ रुपये वाचले. ते आता कुठे आहेत? ज्या खात्यातून तू फोनवर पैसे देतेस त्याच खात्यात ना? मग रविवारी दहा मिनिटांत घरी आणून देणाऱ्या ॲपवरून जे मागवलंस, ते त्याच साठ रुपयांचं होतं. ‘आठवडाभर इतकी ओढाताण केली, आता एक दिवस चालतं,’ असं तूच लिहिलं आहेस. आठवडाभर केलेली काटकसर तू रविवारी स्वतःच खाऊन टाकतेस.

पैसा वाचवलास तर त्याच दिवशी बाजूला काढ. महिनाअखेरीला नको, पगार झाल्यावर बघू असंही नको. घरी येऊन चप्पल काढलीस की साठ रुपये दुसऱ्या खात्यात टाक. त्या खात्याचं कार्ड घेऊ नकोस, ते फोनला जोडू नकोस. पैसे काढायला रांगेत उभं राहायला लागलं पाहिजे.

हे मी पुस्तकात वाचलेलं नाही. 18 जानेवारी 1982 ला कामगार पुढारी डॉ. दत्ता सामंतांच्या संपाच्या हाकेवर मुंबईच्या कापड गिरण्या बंद पडल्या तेव्हा तुझे काका साचेखात्यात होते, म्हणजे गिरणीच्या मागावर. अडीच लाख कामगार घरी बसले. आमच्या चाळीत पहिले दोन महिने सगळे म्हणत होते, मिटेल. मग एकेका घरातली भांडी गेली, मग मंगळसूत्रं सावकाराकडे गेली, मग माणसंच गावाला गेली. तो संप शेवटपर्यंत रीतसर मागे घेतलाच गेला नाही. आमच्या पोरांची शाळा सुटली नाही, कारण पोस्टाच्या आवर्ती खात्यात, म्हणजे दर महिन्याला ठरावीक रक्कम भरायच्या खात्यात, पैसे होते. एजंट बाई दर महिन्याला दारात यायची. तिच्यासाठीचे पैसे मी रोज काढायचे. बाजारात भाजी चार आण्यांनी स्वस्त मिळाली, तर ते चार आणे त्याच संध्याकाळी वेगळ्या डब्यात. जेवण कुळथाची पिठी आणि भात, पण डब्यात पडल्याशिवाय ताट वाढायचं नाही.

तुला वाटेल, पूर्वीच्या बायकांसारखा डबाच का नको? नकोच. 8 नोव्हेंबर 2016 च्या रात्री पाचशे-हजारच्या नोटा बंद झाल्या, आणि किती बायकांना डाळीच्या डब्यातली वर्षांची पुंजी नवऱ्यासमोर, मुलासमोर काढून द्यावी लागली हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. काहींची ती परत हातात आलीच नाही. तेव्हा खातं तुझ्या नावाचं आणि बँकेत किंवा पोस्टात. पोस्टाचं आवर्ती खातं अजूनही महिना शंभर रुपयांपासून उघडतं, पाच वर्षांचं असतं. उद्याच उघड.

आता पंख्याचं. हे वाचून मला खरंच राग आला. घामात झोपून तू काय वाचवलंस? जुना पंखा पंचाहत्तर वॅटचा असतो. गिझर दोन हजारचा. गिझर पंधरा मिनिटं चालला की अर्धं युनिट जातं, तेवढ्यात पंखा साडेसहा तास फिरतो. तुमच्या फ्लॅटवर तिघी एकामागून एक गिझर लावून फोन बघत बसता, आणि वाचवायचं कुठे तर झोपेत! पाणी तापलं की गिझर बंद, बादलीत काढून आंघोळ. महिन्याची शंभर युनिटं ओलांडली की पुढच्या युनिटांचा दर एकदम चढतो, म्हणून बिल किती रुपयांचं हे बघण्याआधी युनिटं बघ. मागच्या महिन्यापेक्षा कमी आली? फरकातला तुझा वाटा त्याच दिवशी बाजूला काढ.

आणि रात्री ते दोन मिनिटांचे नूडल्स बंद कर. पोटाला चिमटा काढून वाचवलेला पैसा डॉक्टरकडे जातो. कडधान्य सकाळी भिजत घाल, संध्याकाळी एकाच कुकरमध्ये खाली उसळ, वर भात, त्याच्यावर बटाटे. प्रेशर आलं की गॅस बारीक. दोडका आणलास तर शिरा टाकायच्या नाहीत, तीळ आणि सुकं खोबरं घालून तव्यावर परतायच्या, चटणी होते. कोथिंबिरीचे देठ आमटीत. दुधावरची साय साठव, विरजण लाव, आठवड्याने घुसळ. ताक मिळतं, लोणी मिळतं, तूप कढवलं की खाली बेरी राहते, ती साखर घालून पोळीबरोबर खा. तुझ्या वयात आम्ही बेरीवरून भांडायचो. सिलिंडर लावला त्या दिवशी त्यावर खडूने तारीख लिही. त्यात चौदा किलो दोनशे ग्रॅम गॅस असतो, पण किती दिवस पुरला हे तारखेशिवाय कुणालाच सांगता येत नाही. पाच दिवस जास्त पुरला तर तेवढ्याचे पैसे, पुन्हा सांगते, त्याच दिवशी.

मैत्रिणी चिकट म्हणतात त्याचं मला काही वाटत नाही. मला सासर-माहेर दोन्हीकडे म्हणायचे. तुझ्या काकांना दर गणपतीला गावाला जायचं असायचं, आणि कितीतरी वर्षं मी नाही म्हटलं. एसटीचं भाडं, सगळ्यांना न्यायच्या वस्तू, परत येताना हातात काही नाही. ते बोलायचे नाहीत, खिडकीत बसून राहायचे. आता ते नाहीत आणि भाद्रपद आला की मला त्रास होतो. होणारच. तरी पोरीच्या नर्सिंगची फी भरायची वेळ आली तेव्हा आम्ही कुणाच्या दारात गेलो नाही, आणि ती फी घेऊन तेच गेले होते, ताठ मानेने. त्यांनाही ते पटलं होतं, असं मला वाटतं. मला तसं वाटून घेण्याचा हक्क आहे.

तुझ्या हातात माझ्यापेक्षा जास्त आहे. तुझा पगार दर महिन्याला येतो. म्हणून तू दोन-चार वर्षांनी का होईना, आईला कुठे न्यायचं असेल तर त्याचंही वेगळं खातं काढ, आणि त्यातही टाकत जा. मी ते केलं नाही, कारण तेव्हा परवडत नव्हतं. तुला परवडतं.

रविवारी फोन करशील तेव्हा नव्या खात्यातला आकडा सांग, बाकी काही सांगू नकोस. आणि कुकरची शिट्टी बिघडली म्हणून नवा कुकर बघते आहेस असं लिहिलंस. झाकणाच्या कडेने वाफ जात असेल तर शिट्टीला काही झालेलं नाही, रबर सैल झालं आहे. भांड्यांच्या दुकानात जुनं रबर घेऊन जा, म्हणजे मापाचं मिळेल. नव्या कुकरचे पैसे वाचतील. कुठे टाकायचे ते तुला माहीत आहे.

तुझी,
काकू