देशभर वीज गेली तर बेळगावची लाईटही जाईल का? परत यायला किती वेळ लागेल?

तुम्ही विचारलंय की २०१२ ला अर्धा देश अंधारात होता तेव्हा बेळगावात लाईट होती, मग आता काळजी कशाला. काळजी आहे. ३० आणि ३१ जुलै २०१२ ला आपलं दक्षिण ग्रिड (दक्षिणेकडच्या राज्यांचं एकमेकांना जोडलेलं वीजजाळं) वाचलं, कारण बाकीच्या देशाशी ते फक्त डीसी जोडणीने जोडलेलं होतं, आणि तिच्यातून एकीकडच्या फ्रीक्वेन्सीचा धक्का दुसरीकडे जात नाही. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर ७६५ केव्ही लाईन जोडली गेली आणि सगळा देश एकाच फ्रीक्वेन्सीवर (विजेच्या एकाच लयीवर) आला. रोजच्या पुरवठ्याला त्याचा फायदाच आहे, पण आता मोठा धक्का इकडेही पोचू शकतो.

वीज परत यायला काही तास लागतात, कधी त्याहून जास्त. औष्णिक केंद्र बंद पडलं की त्याचे पंखे, पंप, कोळशाच्या चक्क्या फिरवायलाच बाहेरून वीज लागते. जलविद्युत संच मात्र छोट्या डिझेल जनरेटरवर उठतो. म्हणून आधी धरणावरची केंद्रं, मग त्यांच्या विजेवर औष्णिक, आणि प्रत्येक टप्प्याला निर्मितीइतकाच लोड (विजेचा वापर). लोड जास्त झाला की फ्रीक्वेन्सी घसरते आणि उभं केलेलं सगळं पुन्हा बसतं.

तुमचा हातभार इथेच लागतो. फीडर (तुमच्या भागाला वीज देणारी लाईन) चार्ज होताच ऑटो स्टार्टरवरचे (वीज आली की आपोआप सुरू होणारे) सगळे बोअरचे पंप एकदम उठतात. मोटार सुरू होताना नेहमीच्या पाच-सात पट करंट ओढते, फीडर ट्रिप होतो. म्हणून करंट गेल्यावर ऑटो बंद करून ठेवा. फ्रिज, गीझर, एसीचे स्विचही पाडा. एक बल्ब चालू राहू दे, लाईट आलेली कळेल. व्होल्टेज दहा-पंधरा मिनिटं स्थिर दिसलं की एकेक चालू करा, पंप शेवटी.

जनरेटरची वायर घरातल्या प्लगमध्ये कधीच खुपसू नका! ती वीज उलटी टीसीत (ट्रान्सफॉर्मरमध्ये) जाते, तिथे ११ केव्ही होते आणि लाईन मेलेली समजून खांबावर चढलेल्या लाईनमनचा जीव जातो. घर एकतर लाईनला नाहीतर जनरेटरला जोडणारा, फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा चेंजओव्हर स्विच हवाच.

इन्व्हर्टरची १२ व्होल्ट १५० एएचची (अँपिअर-अवर) चांगली बॅटरी दोन पंखे, चार एलईडी आणि राउटर मिळून सुमारे २०० वॅट लोडवर पाच-सहा तास चालते. दोनऐवजी एकच पंखा ठेवला तर नऊ-दहा. छतावरचं साधं ऑन-ग्रिड (बॅटरीशिवाय थेट वीजलाईनला जोडलेलं) सोलर मात्र लाईट गेली की उन्हातही बंद पडतं. लाईनमनच्या सुरक्षेसाठी ते तसंच बनवलेलं असतं.

पाणी लगेच भरून घ्या. शहराला राकसकोप आणि हिडकल धरणांचं पाणी पंपांनीच येतं.