सेन्सरवरची रेघ आणि रक्ताची गुठळी

प्रश्न : सोन्याचा थर दिलेल्या ऑप्टिकल सेन्सरवर प्लाझ्मा (रक्तातला पेशी काढलेला द्रव) गोठायला लागणारा वेळ मोजते. एकाच नमुन्याचे आकडे दर वेळी वेगळे येतात. गोठणं सुरू करणारं कॅल्शियम घालण्याआधीच आलेखाची रेघ वर चढते. काय चुकतंय?
– एक विद्यार्थिनी, फोंडा

उत्तर : कॅल्शियमआधी चढलेली रेघ म्हणजे गुठळी नव्हे. हा सेन्सर सोन्यापासून जेमतेम दोन-तीनशे नॅनोमीटरपर्यंतच पाहतो, त्यामुळे प्लाझ्मातली प्रथिनं नुसती चिकटली तरी रेघ वर जाते. ती सपाट होऊ द्या. मगच 100 मायक्रोलिटर प्लाझ्माला तितकंच 25 मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइड, 37 अंशांवर कोमट करून, घाला.

आकडे हलण्याचं मूळ बहुधा चिपमध्ये, म्हणजे सोन्याचा थर दिलेल्या पट्टीत, आहे. धुतलेली चिप स्वच्छ दिसते, पण उरलेल्या फायब्रिनच्या (गुठळीच्या धाग्यांच्या) जाळ्यात थ्रॉम्बिन (रक्त गोठवणारं विकर) अडकून राहतं आणि पुढचा नमुना वेळेआधी गोठवतं. दर नमुन्याला नवी चिप घ्याच, इथे काटकसर नको.

रक्त घ्यायची निळ्या झाकणाची नळी खुणेपर्यंत भरा : 3.2 टक्के सायट्रेट (कॅल्शियम बांधून रक्त गोठू न देणारं द्रव्य) 1 भाग, रक्त 9 भाग. कमी भरली तर जास्तीचं सायट्रेट तुमचं कॅल्शियम बांधून ठेवतं आणि वेळ लांबते.

आपल्याकडे पावसाळ्यात आणखी एक त्रास. एसीने गार झालेल्या प्रिझमवर (सेन्सरकडे प्रकाश नेणाऱ्या काचेवर) दार उघडताच दव धरतं. शिवाय तापमान एका अंशाने हललं तरी पाण्याचा अपवर्तनांक (प्रकाश किती वाकतो याचं माप) सुमारे 0.0001 ने बदलतो, आणि सेन्सर तोच टिपत असल्याने रेघ सरकते. यंत्राचा हीटर तासभर आधी लावा.