१४ जुलै १९४४ रोजी जर्मनांपासून मुक्त झालेल्या फ्रेंच गावांत राष्ट्रीय दिन कसा साजरा झाला?

नॉर्मंडीतल्या शेरबुर या बंदराच्या शहराचंच उदाहरण घ्या. जर्मन सैन्याने तिथे २६-२७ जूनला शरणागती पत्करली, म्हणजे तयारीला जेमतेम अडीच आठवडे. जर्मनव्याप्त भागात फ्रेंच तिरंगा आणि ‘मार्सेयेझ’ हे राष्ट्रगीत या दोन्हींवर बंदी होती, त्यामुळे चार वर्षांनी ते उघडपणे दिसणं-ऐकू येणं हाच खरा सण. झेंडे मिळेल त्या कापडाचे. निळा पट्टा काठीकडे, मग पांढरा, शेवटी लाल. मधोमध अनेकांनी लोरेन क्रॉस काढला, म्हणजे दोन आडव्या पट्ट्यांचा क्रूस, द गॉलच्या ‘मुक्त फ्रान्स’ चळवळीचं चिन्ह. कार्यक्रम दिवसाच, कारण रात्री ब्लॅकआउट. युद्ध अजून संपलं नव्हतं: शेरबुरचं बंदर सुरुंगांनी भरलेलं, पहिला माल १६ जुलैला उतरला. नॉर्मंडीतल्याच सें-लो शहराची लढाई चालूच होती, आणि पॅरिस तर २५ ऑगस्टपर्यंत जर्मनांच्याच ताब्यात होतं.