कॅमेरा जरा खाली घ्या

या वेळी आलेल्या पत्रांत बाळाला पाजण्याविषयी आणि बाळंतिणीच्या आहाराविषयी फोनवर मिळणाऱ्या सल्ल्याबद्दलचे प्रश्न जास्त आहेत. मी स्वतः आठवड्यातले चार दिवस व्हिडिओ कॉलवर बाळंतिणींशी बोलते, त्यामुळे उत्तरं थोडी त्या खुर्चीतून आलेली आहेत.

बाळ १७ दिवसांचं आहे. पाजताना डोळ्यांत पाणी येतं इतकं दुखतं, चिराही पडल्यात. चाळीत एकच खोली, घरात सासरे नि दीर. व्हिडिओ कॉलवर सल्ला मिळतो म्हणतात, पण कॅमेऱ्यासमोर पाजायचं कसं? आणि फोनवरून कळणार तरी काय? (लालबाग)

पुष्कळ कळतं. बाळाने तोंडात घेतल्यावर पहिले काही क्षण ओढल्यासारखं होणं ठीक, पण शेवटपर्यंत दुखत असेल तर बहुतेक वेळा पकड उथळ असते. बाळ नुसतं बोंड चावत असतं. आणि पकड ही डोळ्यांनी बघायचीच गोष्ट आहे.

पंचाईत अशी की कॉल लागला की आया स्वतःचा चेहरा दाखवतात. माझं पहिलं वाक्य ठरलेलं: कॅमेरा जरा खाली घ्या. फोन डब्याला टेकवून बाजूला ठेवा, खिडकी पाठीमागे नको, समोर हवी. मला बाळाची हनुवटी, नाक आणि गाल एका बाजूने दिसले पाहिजेत.

डावीकडे पाजताना बाळाला उजव्या हातावर घ्या. तळहात खांद्यांमागे, अंगठा नि बोटं कानांच्या खाली. डोकं मागून दाबायचं नाही, दाबलं की बाळ मान मागे टाकतं. त्याचं पोट तुमच्या पोटाला लागलेलं, नाक बोंडासमोर. जांभईसारखा मोठा ‘आ’ केला की आधी हनुवटी टेकवा. खालचा काळा भाग वरच्यापेक्षा जास्त तोंडात गेला पाहिजे. पाजून झाल्यावर बोंड वापरलेल्या लिपस्टिकसारखं तिरकं चेपलेलं दिसलं, तर पकड चुकली. बाळाच्या ओठांच्या कडेने बोट घालून सोडवा, परत लावा. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलवर याचे मराठी व्हिडिओ आहेत, फुकट.

एका खोलीचं म्हणाल, तर दुपारची वेळ मागून घ्या. सासरे खाली कट्ट्यावर, दीर कामावर. इअरफोन लावा. सल्ला देणाऱ्याच्या खोलीत आणखी कोण आहे, कॉल रेकॉर्ड होतोय का, हे विचारायला संकोच नको. सुरुवातीला टॉवेलची गुंडाळी घेऊन नुसती पोझिशन शिकता येते, पदर काढायचीही गरज नाही.

फोनवर कळत नाही ते वजन. जन्माचं वजन साधारण दोन आठवड्यांत भरून यायला हवं, म्हणजे तुमच्या बाळाचं आत्तापर्यंत. जवळच्या महापालिका दवाखान्यात जाऊन बघा आणि पुढच्या वेळीही त्याच काट्यावर करा. दोन काट्यांत फरक पडतो आणि उगाच घरभर रडारड होते.

बाळ अडीच महिन्यांचं. तासातासाला मागतं, छातीही आता पूर्वीसारखी तटतटत नाही. सासूबाई म्हणतात दूध आटलं. ऑनलाइन आहारतज्ज्ञांनी दूध वाढवणाऱ्या पावडरचं तीन महिन्यांचं पॅकेज सांगितलंय. घेऊ का? (नालासोपारा)

नको. सहा-आठ आठवड्यांनंतर छाती मऊ लागते, कारण शरीराला बाळाचा अंदाज आलेला असतो. दूध आटल्याची ती खूण नव्हे. बाळ चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा शू करतंय का? पहिल्या तीन महिन्यांत आठवड्याला साधारण दीडशे-दोनशे ग्रॅम वजन वाढतंय का? दोन्हींचं उत्तर ‘हो’ असेल तर दूध पुरतंय.

त्या आहारतज्ज्ञांनी तुम्हाला शू किती वेळा, वजन किती, हे विचारलं होतं का? न विचारता पावडर सांगितली असेल तर तो सल्ला नाही, विक्री आहे. छाती जितकी रिकामी होईल तितकं दूध तयार होतं, रात्रीचं पाजणं त्यात फार मोलाचं. सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९पासून मातृदुग्धपेढी आहे, म्हणजे आयांनी दिलेलं दूध साठवून गरजू बाळांना देण्याची सोय. तिथे दूध देणाऱ्यांत साध्या घरच्या, रुग्णालयातल्याच बाळंतिणी असतात. वरणभातावरच पान्हा येतो त्यांना.

आणखी एक. आहारतज्ज्ञाला औषध लिहून देता येत नाही, मलाही नाही. ते डॉक्टरांचं काम, आणि फोनवरून दिलेल्या प्रिस्क्रिप्शनवरही त्यांचा नोंदणी क्रमांक लागतो. मैत्रिणीची गोळी केमिस्टकडून आणून घेणं तर अजिबात नको.

मुलगी नऊ दिवसांची. कालपासून पेंगते, दूध ओढत नाही. उद्या सकाळी ११ची ऑनलाइन अपॉइंटमेंट मिळालीय. तोवर काय करू? (मालाड, बाबा)

यांना पत्र मिळताच उत्तर कळवलं होतं, इतरांसाठी छापते आहे. थांबायचं नाही, लगेच हॉस्पिटल गाठायचं, रात्र असली तरी. दूध न ओढणं, अंग तापणं किंवा गार पडणं, मिनिटाला साठ किंवा जास्त श्वास, तळहात-तळपाय पिवळे, झटके: यातलं एक जरी दिसलं तरी कॉलवर वेळ घालवू नका.

सून ऑनलाइन चार्टप्रमाणे ओट्स नि ॲव्होकाडो खाते. अळिवाची खीर नको, मोरीचं कालवण तर बघवत नाही म्हणते. आमच्यात बाळंतिणीला मोरी दिल्याशिवाय पान्हा फुटत नाही. (वर्सोवा, आजी)

आजी, निम्मं तुमचं खरं, निम्मं सुनेचं. पहिले सहा महिने तिला रोज सुमारे ६०० कॅलरी नि १७ ग्रॅम प्रथिनं जास्तीची लागतात. ती ॲव्होकाडोतून आणायची तर घरभाड्याइतके पैसे जातील. भाकरी, मुगाची उसळ, अंडं, शेपूची भाजी, अळिवाची खीर, सगळं द्या.

मोरी मात्र सोडा. मोरी म्हणजे शार्क. मोठ्या शिकारी माशांत पारा साठत जातो आणि दुधातून बाळापर्यंत पोचतो. तुमच्या टोपलीत बोंबील, मांदेली, तारली, बांगडा असताना मोरीवाचून अडणार नाही. तारली-बांगड्यातलं तेल तर बाळाच्या मेंदूला चांगलं. तो चार्ट बनवणाऱ्याला वर्सोव्याचा बाजार दाखवला पाहिजे एकदा!

बाळंतिणीला पाणी कमी द्यायची रीत असेल तर तीही सोडा. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एकत्र देऊ नका, जेवणावर लगेच चहाही नको. बाळाला मात्र सहा महिने पाण्याचा थेंब नाही, मे महिन्यातसुद्धा. घुटीही नको, आणि वर्षाच्या आत मध तर मुळीच नाही.

सव्वीस आठवड्यांची रजा संपतेय. कल्याण-अंधेरी रोजचा प्रवास. दूध काढून ठेवलं तर टिकेल का? (कल्याण)

बाहेर चार तास, तेही २५ अंशांपर्यंत. आपल्याकडच्या उकाड्यात तेवढंही धरू नका. फ्रीजमध्ये मागच्या बाजूला चार दिवस, दारात नाही. ऑफिसात काढलेलं लगेच फ्रीजमध्ये, घरी येताना गोठवलेल्या आइसपॅकसह थर्मल पिशवीत. तशा पिशवीत ते २४ तास राहतं, लोकल रखडली तरी. गरम करताना गॅसवर नाही, वाटी कोमट पाण्यात ठेवा.

ऑफिसात ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोय कायद्याने द्यावी लागते, आणि मूल १५ महिन्यांचं होईपर्यंत पाजण्यासाठी कामाच्या वेळात रोज दोन जादा मधल्या सुट्ट्याही. एचआरला लेखी विचारा, तोंडी विचारलं की ‘बघू’ येतं.

बाळ सहा महिन्यांचं झालं म्हणजे उष्टावणही आलंच. वरणाचं पाणी नको, चमच्यावरून ओघळणार नाही असा मऊ वरणभात, वर तूप. काढलेलं दूध बाटलीऐवजी बोंडल्याने, म्हणजे चोचीच्या छोट्या वाटीने, पाजता येतं. सासूबाईंच्या ट्रंकेत एखादं असेलच, उकळून घ्या.